सगळ्यात मागची सायकल

आमच्या रविवारच्या राइडमध्ये सगळ्यात शेवटी जी सायकल दिसते, ती गेले काही महिने माझी आहे. कॅरियरला पंक्चरचं सामान, हँडलच्या पिशवीत बँडेज आणि लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली, सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा. ग्रुपमध्ये या कामाला ‘शेपूट’ म्हणतात. नवीन आलेलं कुणीतरी दर वेळी विचारतं, “ताई, तुम्ही रोज मागंच का?” रस्त्यात सांगायला तेवढा वेळ नसतो, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

माझं वय सेहेचाळीस. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं औषधाचं दुकान आहे, सकाळी नऊपासून रात्री साडेनऊपर्यंत काउंटरमागे उभं राहायचं. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिची गिअरची सायकल जिन्याखाली पडून राहिली. २०२५ च्या जानेवारीत ती पुसून बाहेर काढली. आठवडाभर रंकाळ्याकडे जाऊन आले, तिथेच चहाच्या गाडीवर या ग्रुपची ओळख झाली. म्हणाले, रविवारी पहाटे साडेपाचला दसरा चौकात या, हेल्मेट आणि पुढचा दिवा नसेल तर येऊ नका. नियमांची सुरुवात इथूनच, आणि ती मला पहिल्यापासून आवडली.

पहिली राइड प्रयाग चिखलीची होती. शिवाजी पूल ओलांडला, आंबेवाडीची घरं मागे पडली आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. मी कोल्हापुरातच जन्मले, पण गुऱ्हाळाचा वास भल्या पहाटे, थंडीत, सायकलवरून कधी घेतला नव्हता. गाडीत बसून गेलं की तो वास एका क्षणात येतो आणि जातो. सायकलवर तो आधी हलकेच येतो, मग चिपाडाच्या धुराचा, मग उकळत्या रसाचा, आणि वळण घेतलं की काहिलीसमोर उभा असलेला गुळव्याच दिसतो. आम्ही थांबलो. त्यांनी पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का ते पाहिलं, मान हलवली, आणि चार माणसांनी काहील गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतली. आम्हाला हातावर गरम काकवी मिळाली. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे वाचून माहीत होतं. पण तो गूळ रोज रात्रभर जागून कोण करतं हे त्या दिवशी पाहिलं.

पुढे संगमावर कासारी आणि भोगावती एकत्र येतात. कुंभी आणि तुळशी आधीच भोगावतीत मिसळलेल्या असतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात, आणि इथून खाली नदीचं नाव पंचगंगा. घाटावर बसलेल्या एका आजोबांनी २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं ते हात वर करून दाखवलं. त्यांचा हात पुरत नव्हता.

त्या दिवशी मी सगळ्यात मागे होते आणि साठी ओलांडलेले एक काका सतत माझ्यासोबत होते. मला वाटलं, त्यांचाही दम माझ्याएवढाच. परत येताना एकाची चेन उतरली, तेव्हा ते माझ्याजवळून असे सुसाट पुढे गेले की मी बघतच राहिले. मग कळलं, ते शेपूट होते. शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं हे त्यांचं काम. मी विचारलं, “काका, कंटाळा येत नाही?” ते म्हणाले, “म्होरं पळणारी लई हाईत ताई. मागं थांबणारं कुणी गावंना.” त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि आपल्या जागी कोण, ही त्यांना काळजी होती. मी घरी येऊन दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी त्यांना फोन लावला.

लगेच काम मिळालं नाही. आधी पंक्चर शिका, म्हणाले. शिवाजी पेठेतल्या एका सायकलवाल्या मामांच्या दुकानात मी सलग चार मंगळवार दुपारी जाऊन बसले. चाक काढणं जमलं, मागचं चाक गिअरच्या चेनीतून सोडवून परत बसवणं दुसऱ्या मंगळवारी जमलं. चेन सगळ्यात लहान दात्यावर आणायची आणि मगच चाक सोडायचं, हे आधी माहीत असतं तर माझा एक तास वाचला असता. ट्यूबला बारीक भोक असेल तर रस्त्यावर पाण्याचं घमेलं कुठून आणणार? हवा भरायची आणि ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवायची. गालाला जे कळतं ते बोटाला कळत नाही. भोक सापडलं की पॉलिश पेपरने घासायचं, सोल्यूशन लावायचं आणि मग थांबायचं. हे थांबणंच लोकांना जमत नाही. ओल्या सोल्यूशनवर पॅच दाबला की दोन किलोमीटरवर तो सुटणार. मामा म्हणायचे, “चमक गेली की चिकट आलं, मग लाव.”

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं. बाभळीचा काटा नाहीतर मोठ्या गाड्यांच्या फाटक्या टायरमधली केसाएवढी तार तिथे अडकलेली असते. ती राहिली तर नवी ट्यूबही जाते. आता मी रस्त्यावर आधी नवी ट्यूब घालून माणसाला मोकळं करते आणि फुटकी ट्यूब घरी आणून जोडते, पण जोडता येत असल्याशिवाय ही घाई करू नये असं माझं मत आहे. एकाच राइडला तीन पंक्चर झालेली मी पाहिली आहेत.

मार्चमध्ये काकांनी मला पहिल्यांदा एकटीला मागे सोडलं, कात्यायनीच्या देवळाकडच्या छोट्या राइडला. निघताना अकरा जण होते. परतताना एक कॉलेजचा मुलगा दिसेना. मला वाटलं, पुढे गेला असेल. पुढच्यांना वाटलं, माझ्यासोबत आहे. तो एका वस्तीकडे जाणाऱ्या वाटेवर वळून चुकला होता, फोनची बॅटरी संपलेली. अर्ध्या तासाने आपला आपण आला, काही झालं नव्हतं. पण तो अर्धा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो, त्याच्या आईला काय सांगायचं हेच डोक्यात होतं. चूक माझी होती. ‘असेल’ या शब्दावर मी शेपूट पुढे हलवलं. त्या रात्री काकांशी बोलून दोन गोष्टी ठरवल्या. प्रत्येक फाट्यावर पुढच्या गटातला एक जण थांबणार, आणि मी दिसल्याशिवाय तो हलणार नाही. आणि मी निघताना डोकी मोजते तशी प्रत्येक थांब्यावर मोजणार, नावानिशी, मोठ्याने. तेव्हापासून एकही माणूस चुकलेला नाही.

पावसाळ्यात चिखलीकडच्या राइड बंद असतात. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशाऱ्याची आणि ४३ फुटांना धोक्याची. आम्ही इतका वेळ थांबत नाही, पाणी चढायला लागलं की नदीकाठचे रस्ते यादीतून काढतो. मग उरतो पन्हाळा.

२०२५ च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला. छत्रपतींच्या बारा किल्ल्यांचं एकत्र नामांकन होतं, त्यात आपला पन्हाळा. ग्रुपमध्ये सगळ्यांना वर जायचंच होतं आणि काकांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे शेपूट मी. तोवर मी स्वतः फक्त दोनदा चढले होते. त्या दिवशी आमच्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना बाई म्हणतात, वय एकसष्ट. पन्हाळ्याला सायकलने पहिल्यांदाच.

केर्ली, कुशिरे, दाणेवाडी फाट्यापर्यंत त्या मजेत होत्या. भाताची खाचरं भरलेली, बांधाबांधावर बायका लावणीला वाकलेल्या, डोक्यावर इरली नाहीत आता, प्लॅस्टिकचे कागद. एकीने ओरडून विचारलं, “कुठं चालला गं?” बाई म्हणाल्या, “पन्हाळ्याला!” तिकडून आलं, “मग येताना भज्या आणा!”

वाघबीळला वळलो आणि चढ लागला. इथे मागच्या माणसाचं खरं काम सुरू होतं. मी त्यांच्या उजव्या बाजूला, अर्धं चाक मागे राहिले, म्हणजे वरून येणारी आणि मागून जाणारी गाडी आम्हाला थोडं लांबून घेते. गिअर चढ लागायच्या आधीच हलका करायला लावला, कारण जोर लावलेला असताना बदलला की चेन अडकते. चढावर बोलायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही. दमलेल्या माणसाला उत्तर देण्यातही श्वास लागतो. आणि एक गोष्ट मी कधीच म्हणत नाही: “आलंच आता, थोडंच राहिलंय.” ते खोटं असतं आणि पुढच्या वळणावर पकडलं जातं. बाईंनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, “बाई, अजून अर्धा चढ आहे. त्या झाडाखाली थांबूया.” झाडाखाली पाणी, दोन खजूर, तीन मिनिटं. मग पुढचं झाड. धुकं इतकं की खालचं काही दिसत नव्हतं, फक्त ओढ्यांचा आवाज. बाई मध्येच उतरून चालल्या, मीही उतरून चालले. चालणं म्हणजे हरणं नाही हे शब्दांत सांगत बसण्यापेक्षा आपणही उतरावं, ते लवकर पटतं.

बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी सगळे आमची वाट बघत उभे होते. बाई सायकल स्टँडला लावून पुतळ्यापुढे गेल्या आणि हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. शाळेत तीस वर्षं त्यांनी १६६० सालची ती पावसाची रात्र पोरांना शिकवली होती; पन्हाळ्यावरून निघालेले महाराज, मागे खिंडीत थांबलेले बाजी. वळल्या तेव्हा डोळे भरलेले होते. कुणी काही बोललं नाही. मग पिठलं-भाकरी झाली, बायकांसाठी भजीही बांधून घेतली.

उतरताना मी चढापेक्षा जास्त घाबरते. ओला रस्ता, पडलेली पानं, आणि घरी जायची घाई. दोन्ही ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते, म्हणून दाबा-सोडा, दाबा-सोडा. एकामागे एक, मध्ये अंतर. खाली वाघबीळला डोकी मोजली, सतरा. भजी गार झाली होती पण पोचली.

दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला आणि आमच्या कामात एक नवीन भर पडली. नोव्हेंबरातल्या एका पहाटे धुक्यात आमच्यातला एक जण उसाच्या ट्रॉलीवर जवळजवळ आदळला. ट्रॉली बंद पडून रस्त्यातच उभी, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसते लोंबणारे ऊस. तो हातभर अंतरावर थांबला. त्या आठवड्यात आम्ही वर्गणी काढून रिफ्लेक्टरची टेप आणली: मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी.

साखर कारखान्याजवळ ट्रॅक्टर नंबर लागेपर्यंत तासन् तास उभे असतात, तिथे जातो. आधी ड्रायव्हरला विचारायचं, झोपलेल्याला उठवायचं नाही. पट्टी थेट चिकटत नाही, लोखंडावर चिखल आणि रसाचा चिकटा असतो. तारेच्या ब्रशने घासायचं, ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसायचं. आणि वर लावून उपयोग नाही, उसाची टोकं झाकून टाकतात. खाली, मागच्या आडव्या पट्टीवरच लावायची. बैलगाड्यांना आम्ही मागच्या फळीवर आणि जूवर लावतो. बीडकडून आलेल्या एका तोडणीवाल्या ताईने माझी सायकल न्याहाळून विचारलं, “ही रोज चालवता? कशासाठी?” मी म्हटलं, गावं बघायला. ती म्हणाली, “आमी बी गावंच बघतो, पर फडातून.” तिच्या पोराला मी यार्डाच्या मोकळ्या जागेत दोन फेऱ्या मारून आणल्या, तो उतरायला तयार नव्हता.

आजवर एकतीस गाड्या झाल्या. परवा एक ड्रायव्हर दुकानावरच आला, टोपी हातात. “ताई, मागची पट्टी उसानं सोलून गेली. परत लावाय पायजे.” काउंटरवर दोन गिऱ्हाईकं होती. त्यांची औषधं दिली, कॅरियरवरचा रोल आणि ब्रश काढला आणि बाहेर रस्त्याकडेला लावलेल्या ट्रॉलीमागे जाऊन बसले. या वेळी पट्टीच्या दोन्ही कडांना रिव्हेट मारून घ्यायला सांगितलंय.