भिंतीत खिळा ठोकायचा नाही

माझ्या खोलीतला आरसा गेली तीन वर्षं जमिनीवर भिंतीला टेकून उभा आहे. ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ठोकला तर डिपॉझिटमधून कापणार. त्यामुळे मी रोज सकाळी गुडघ्यात वाकून भांग पाडतो आणि वाकल्यावाकल्या एकच विचार येतो, ज्या भिंतीसाठी दर महिन्याला एवढे पैसे मोजतो तिच्यात अर्धा इंच शिरायचासुद्धा हक्क नाही आपल्याला.

पगार तसा बरा आहे हां. म्हणजे नातेवाइकांना आकडा सांगितला की ते "अरे वा" म्हणतात, आणि तोच आकडा घेऊन घर बघायला गेलो की ब्रोकर म्हणतो "बजेट जरा वाढवता आलं तर बघा ना". दोघंही आपापल्या जागी बरोबर. पगाराचा मेसेज येतो, दुसऱ्या दिवशी भाडं गेल्याचा मेसेज येतो, मधली एक रात्र मी बऱ्यापैकी पैसेवाला असतो. त्या रात्री झोप छान लागते.

भाडं पगाराच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा, हा सल्ला तर सगळेच देतात. मला वाटायचं कुणीतरी फार विचार करून काढला असेल हा आकडा. तर तो आला अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या नियमातून, १९६९ मध्ये ठरलं की तिथल्या भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त भाडं घ्यायचं नाही, आणि १९८१ मध्ये त्याचे ३० केले. म्हणजे हे बंधन होतं भाडं घेणाऱ्यावर, आणि आता ते पाळायची जबाबदारी आली देणाऱ्यावर! आणि ३० टक्के नेमके कशाचे? ऑफर लेटरवरच्या आकड्याचे की सगळी कापाकापी होऊन हातात पडतात त्याचे?

बरं, धरून चला की आज जमलं ३० मध्ये. भाडं दरवर्षी १० टक्क्यांनी वाढतंय आणि पगार ६ टक्क्यांनी, तर पाच वर्षांनी तेच घर, तीच गळकी तोटी, पण भाडं पगाराच्या ३६ टक्क्यांवर. आपण काही उधळपट्टी केलेली नसते, फक्त तिथेच राहिलेलो असतो. १८६८ मध्ये बर्लिनच्या हेर्मान श्वाबे नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने मांडलं होतं की उत्पन्न जेवढं कमी तेवढा त्यातला भाड्याचा वाटा मोठा. त्यांना आकडेवारी गोळा करावी लागली, आम्हाला महिनाअखेरीला आपोआप कळतं.

यावर ठरलेला उपाय म्हणजे "लांब राहा, स्वस्त पडतं". राहून बघितलंय मी. जायला दीड तास, यायला दीड तास, महिन्याचे २२ दिवस, झाले ६६ तास, म्हणजे आठ तासांच्या हिशोबाने आठ दिवस निव्वळ प्रवासाची बिनपगारी नोकरी. भाडं वाचलं ते खरं, पण घरी यायचो ते फक्त झोपायला, आणि झोपायला एवढं भाडं हे परत महागच की. (अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण अंथरूणच भाड्याचं असलं की काय करायचं ते कुणी सांगत नाही.)

परवा घरमालकांचा मेसेज आला, पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवतोय, समजून घ्या. घासाघीस करायची फार इच्छा होती पण घर बदलायचं म्हणजे परत ब्रोकर, परत डिपॉझिट, परत सामान हलवणं, ते सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मी मुकाट्याने "चालेल" लिहिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली टाकलं, "काका, एक खिळा ठोकू का? आरशासाठी."

बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं. मग उत्तर आलं, "एकच. आणि जाताना बुजवून द्या."