डोकी इथे, धडं कुठे?

माझं काम म्हणजे जुन्या माशांची हाडं ओळखणं. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी बेटांचा किनारा समुद्र खात चाललाय आणि त्यातून नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडून आलेल्या लोकांच्या, वस्तीचे उकिरडे उघडे पडतात. तिथली माती पिशव्या भरभरून आमच्याकडे येते. ती बारीक जाळीतून धुवायची, वाळवायची आणि चिमटा घेऊन बसायचं. मणका कुठल्या जातीचा हे नुसत्या चित्रावरून ठरवणं अवघड. शेजारी आजच्या माशाचा सांगाडा लागतो. तो आम्हीच मासा शिजवून तयार करतो, आणि त्या दिवशी वरच्या मजल्यावरून तक्रार येतेच. टीव्हीवाले आले की विचारतात, तलवार सापडली का? माझ्या ट्रेकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

परवा त्या ट्रेमध्ये नुसती डोकी होती. मीटरभर लांबीच्या कॉडची, म्हणजे थंड समुद्रातल्या मोठ्या माशाची. जबडे, कवटीचे तुकडे ढीगभर. पण कल्ल्यांमागचं मोठं वाकडं हाड, क्लिथ्रम, जवळपास नाहीच. शेपटीकडचे मणकेही कमी. हे हाड मी नेहमी आधी शोधते. कॉड सुकवताना डोकं उडवतात, पण क्लिथ्रम धडालाच राहू देतात, म्हणजे मासा वाळताना आकार धरतो. त्यामुळे सुकवतात तिथे डोकी उरतात, आणि क्लिथ्रम सापडतं ते खाणाऱ्याच्या दारात. आमच्याकडे बोंबील वाळतात तोच हा धंदा, फक्त उन्हाऐवजी थंड वारा. नॉर्वेत लोफोटेनला आजही कॉड मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगतात. हेडेबी या व्हायकिंग बंदरातल्या हाडांचा डीएनए 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातले काही कॉड थेट त्या उत्तरेकडच्या समुद्रातले निघाले.

सहकाऱ्यांनी लगेच निकाल दिला: नॉर्स लोक आले, मासेमारी आली. पुरावा काय, तर खालच्या पिक्ट थरात, म्हणजे नॉर्स येण्याआधीच्या तिथल्या लोकांच्या थरात, मासेच नाहीत. पण तो थर जुन्या उत्खननातला, हाताने वेचलेला! फण्या आणि टाचण्या जपून ठेवायच्या आणि डोळ्यांना न दिसणारं सगळं ढिगाऱ्यावर फेकायचं, ही त्या पिढीची शिस्त. नशिबाने मातीची एक पिशवी राखलेली होती. धुतली, तर सेथ या कॉडच्या जातभाई माशाच्या पिल्लांचे इवलेसे मणके निघाले. म्हणजे पिक्टही मासे धरत होते, फक्त किनाऱ्यावरून. खोल पाण्यात होडी आणि लांब दोर घेऊन जाणं नंतरचं. आमच्या ढिगात लिम्पेटच्या, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या जीवाच्या, शिंपल्यांचा खच आहे, तो बहुधा त्याच दोरांवरच्या गळांच्या आमिषाचा.

इथपर्यंत ठीक. पण नॉर्स वस्ती नवव्या शतकातली आणि ही डोकी अकराव्या-बाराव्या शतकातली. खोल समुद्रातली मासेमारी येतानाच सोबत आणली असेल, तर ढीग एवढ्या उशिरा का फुगला? इंग्लंडच्या शहरांतही समुद्री माशांची हाडं साधारण इ.स. 1000 च्या सुमारासच एकदम वाढतात. शहरं वाढत होती, चर्चचे उपवास होते, नदीतला मासा पुरत नसावा. मग हा उद्योग वसाहतवाल्यांचा म्हणायचा की गिऱ्हाइकांचा? अहवालाच्या मथळ्यात वरिष्ठांना ‘व्हायकिंग’ हवंय. मी ‘अकरावं-बारावं शतक’ लिहिलंय, त्यावरून वाद चालू आहे.

माझी डोकी गिऱ्हाईक कोण ते सांगणार नाहीत. त्यासाठी यॉर्क, लंडनच्या उकिरड्यांतली क्लिथ्रम आयसोटोप तपासणीला लावायची आहेत; मासा कुठल्या समुद्रातला याचा अंदाज त्यातून येतो. अर्ज दिलाय, गोदामवाले म्हणतात, पेट्यांची यादीच अजून झालेली नाही.