पॉयझन सेंटरची ग्रँट, आणि एका फोन सिस्टिमने खाल्लेले एकोणीस दिवस

आधी हेच सांगून टाकते, नाहीतर विसरेन. ग्रँट भरताना कायद्याचं कलम स्वतः उघडून वाचा. कुणी केलेला सारांश नाही, ऑफिसचा एक्सेल तर नाहीच नाही. कलम. चार ओळींचं असतं. मी ते अठराव्या दिवशी वाचलं.

मी अमेरिकेत एका पॉयझन सेंटरमध्ये ग्रँटचं काम बघते. आई तिकडे शेजारपाजारी 'मुलगी विषाच्या ऑफिसात आहे' असं सांगते आणि मग मावशीचा काळजीने फोन येतो. तर काम असं की पोराने काहीतरी गिळलं, आजोबांनी बीपीची गोळी विसरून दोनदा घेतली, कुणी बाथरूममध्ये ब्लीच आणि ॲसिड एकत्र ओतलं, की लोक १-८००-२२२-१२२२ फिरवतात. देशभर हाच एक नंबर, २००२ पासून, आणि फोन आपोआप तुमच्या भागातल्या सेंटरकडे जातो. चोवीस तास, फुकट, आणि उचलणारे म्हणजे शिकलेले नर्स नाहीतर फार्मासिस्ट. माझं टेबल त्यांच्या खोलीला लागून आहे, मध्ये काच आहे पण आवाज येतोच. बुटांच्या खोक्यातली ती सिलिका जेलची पुडी रोज कुणीतरी खातं. 'श्वास नीट घेतोय ना? खोकतोय? बरं, पुडी हातात आहे का तुमच्या, वाचा काय लिहिलंय' असं अगदी शांत आवाजात चालू असतं, आणि काचेच्या अलीकडे मी बजेटच्या तक्त्यावर दात खात बसलेली.

पहिलं असं सेंटर शिकागोत १९५३ साली निघालं, पण फेडरल म्हणजे केंद्र सरकारचा ठरलेला पैसा यायला २००० सालचा कायदा व्हावा लागला. ही ग्रँट एचआरएसए, म्हणजे फेडरल आरोग्य खात्यातलं एक ऑफिस, देतं, बोलताना सगळे हर्सा म्हणतात. नुसत्या यावर सेंटर चालत नाही हे लोकांना पटत नाही, ते म्हणतात सरकारी आहे ना मग काय. सरकारी पैसा म्हणजे राज्याचा वेगळा, फेडरलचा वेगळा, शिवाय ज्या मोठ्या संस्थेच्या छपराखाली आपण बसतो तिचा वेगळा, असं गाठोडं बांधून सेंटर चालतं. फेडरलचा वाटा मुख्यतः तुमच्या भागाच्या लोकसंख्येवर ठरतो, त्यामुळे झकास निबंध लिहून जास्त पैसे मिळतील या भ्रमात राहू नका. मी पहिल्या वर्षी राहिले होते.

निबंध, वर्क प्लॅन, बायोडाटे, ॲक्रेडिटेशनचं म्हणजे मान्यतेचं पत्र हे सगळं दोन आठवड्यांत झालं. त्यावर काही लिहिण्यासारखं नाही.

आता मूळ दुखणं. मेंटेनन्स ऑफ एफर्ट. आम्ही एमओई म्हणतो. अर्थ साधा आहे, आमचे पैसे आले म्हणून तुम्ही तुमचा हात आखडता घेऊ नका. म्हणजे सेंटरचा खर्च एका पातळीच्या खाली गेला नाही हे आकड्यांनी दाखवायचं. आकडे माझ्याकडे नसतात, आमच्या मोठ्या संस्थेच्या अकाउंट्सकडे असतात, आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, कारण सबमिटचं बटण दाबायचा अधिकार संस्थेच्या अधिकृत माणसाला असतो, मला नाही.

मी आकडे मागितले. पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी अकाउंट्समधल्या भल्या गृहस्थाची एका ओळीची मेल, की तुमचा खर्च गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे, एमओई बसत नाही, सही करता येणार नाही.

माझ्या पोटात गोळाच आला. खर्च कमी कसा? उलट दोन माणसं वाढलीत. आकडे सोपे करून सांगते म्हणजे कळेल. तीन वर्षांपूर्वी समजा २० लाख डॉलर, मग २१, मग गेल्या वर्षी २८, आणि यंदा २२. तर २८ वरून २२, म्हणजे घसरण, म्हणजे नापास. आणि गेल्या वर्षीच्या २८ मध्ये काय होतं? नवी फोन सिस्टिम! फोन, कॉल रेकॉर्डिंग, सर्व्हर, सगळं मिळून ६ लाख, एकदाच घेतलेलं. पॉयझन सेंटरमध्ये फोन म्हणजे जीव, जुनी सिस्टिम मधूनच कॉल सोडायची म्हणून आम्ही मागे लागून लागून ती बदलून घेतली होती. आता तीच आमच्या मुळावर. दरवर्षी फोन सिस्टिम घ्यायची का आम्ही?

हे त्याला लिहिलं. उत्तर आलं, लेजरमध्ये खर्च तो खर्च. फोन केला तर व्हॉइसमेल. प्रत्यक्ष गेले तर म्हणे तिकीट काढा, म्हणजे कॉम्प्युटरवर तक्रार नोंदवा. तिकीट काढलं तर ते 'सोडवलं' असा शेरा मारून बंद, कारण उत्तर दिलेलं होतं ना! परत तिकीट. आमच्या मॅनेजिंग डायरेक्टर बाईंनी मध्ये पडून मीटिंग ठरवली, ती दोनदा पुढे गेली. मी त्या दिवसांत घरी सगळ्यांवर खेकसत होते आणि नवरा मला सांगत होता की राज्यालाच ६ लाख जास्त मागा. वा.

अठराव्या रात्री झोप येईना म्हणून कलम काढून वाचलं. त्यात लिहिलंय की सेंटरचा वार्षिक रिकरिंग, म्हणजे दरवर्षी पुन्हा पुन्हा होणारा, खर्च हा ग्रँट मिळालेल्या आधीच्या तीन आर्थिक वर्षांच्या सरासरीच्या ८० टक्क्यांच्या खाली जाऊ नये. मी ते तीनदा वाचलं. रिकरिंग. तीन वर्षं. ८० टक्के. आमच्या अकाउंट्सच्या एक्सेलमध्ये यातलं एकही नव्हतं, तिथे सगळ्या ग्रँटांसाठी एकच रकाना, 'मागचं वर्ष'. बऱ्याच दुसऱ्या ग्रँटांना तशीच तुलना असते, त्यामुळे त्या माणसाचं अगदीच डोकं फिरलेलं नव्हतं, हे आता म्हणते, तेव्हा नाही म्हटलं.

फोन सिस्टिम काढली की २०, २१, २२. सरासरी २१, तिचे ८० टक्के म्हणजे १६.८. आम्ही २२ वर. आणि गंमत म्हणजे फोन सिस्टिम न काढता सुद्धा सरासरी २३ येते, तिचे ८० टक्के १८.४, तरीही पास! एकोणीस दिवस आम्ही ज्याच्यावर भांडलो त्या फोनने काही बिघडतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलमाची प्रिंट, त्या शब्दांवर पिवळा मार्कर, खाली हे गणित, आणि फोन सिस्टिमची पावती घेऊन त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. तिकीट नाही काढलं. त्याने वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं, म्हणाला 'हं'. फक्त हं. दुपारी दोनला सही आली.

फाईलींची नावं छोटी ठेवा आणि त्यात चित्रविचित्र चिन्हं घालू नका, अर्ज भरायचं पोर्टल नाकारतं. संस्थेचं फेडरल रजिस्ट्रेशन दरवर्षी रिन्यू करावं लागतं, ते संपलंय हे शेवटच्या आठवड्यात कळू देऊ नका, तारीख आत्ताच बघून ठेवा. डेडलाईन रात्री ११:५९ ची असते पण ती ईस्टर्न टाइमने, तुम्ही पश्चिमेला असाल तर तुमचे तीन तास गेले. आणि सबमिट केल्यावर लगेच घरी जाऊ नका, तपासणी होऊन 'व्हॅलिडेटेड' अशी मेल येईपर्यंत अर्ज पोचला असं धरायचं नाही, चूक निघाली तर परत पाठवायला वेळ हवा.

आमचा अर्ज डेडलाईनच्या चार दिवस आधी गेला. व्हॅलिडेटेडची मेल आली तेव्हा काचेपलीकडे कुणाचा तरी फोन चालू होता, बहुतेक परत पुडीच, कारण 'पाणी प्यायला द्या, मी संध्याकाळी पुन्हा फोन करून विचारते' एवढं ऐकू आलं. ओरडावंसं वाटत होतं, पण कॉल रेकॉर्ड होतात, आणि नवी सिस्टिम फार स्वच्छ रेकॉर्ड करते.