एअर रायफलवर बालाघाटचा माळ: दोन रंग झाले, तिसरा बाकी

माझ्या एअर रायफलला कॅमोफ्लाज, म्हणजे आजूबाजूच्या माळात मिसळून जाणारे रंग देतोय. तिच्या लाकडी दस्त्यावरचं मूळ पॉलिश आता कुठेच दिसत नाही. तळाला वाळल्या गवताचा फिकट पिवळट रंग आणि त्यावर मुरमाचा तांबूस, असे दोन्ही थर नीट बसलेत. गडद तपकिरी तेवढा राहिलाय.

रंग निवडायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. कॅमोफ्लाज म्हटलं की बाजारात गर्द हिरवं जंगल पुढे करतात. कोकणात ते शोभेल. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेतल्या धारूरच्या घाटावर चढून माळावर उभं राहा. दिवाळी सरली की हिरवं काय उरतं? बाभळी, तरवड, कुठे घाणेरी. बाकी सगळी कुसळं, मुरूम आणि काळा दगड. म्हणून मुरमाचा खडा आणि मूठभर कुसळं घेऊन दुकानात गेलो आणि त्यांच्याशी ताडून मॅट स्प्रेचे डबे घेतले. हिरवा घेतलाच नाही.

तयारीत घाई नको. आधी नळी मोडून, म्हणजे सांध्यातून खाली वाकवून, आत छर्रा नाही, स्प्रिंग ताणलेली नाही, हे बघायचं; छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत. स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, काढला. दस्ता ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चमक जाईपर्यंत घासला. लोखंडावर तेलाचा अंश राहिला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून थिनरच्या फडक्याने पुसून मग हातमोजे घातले. नळीचं तोंड, मोडायचा सांधा, त्यातलं सील, ट्रिगर, सेफ्टी आणि अनुक्रमांक यांवर मास्किंग टेप. खालची लोखंडी दांडी प्रत्येक वेळी घासली जाते, तिथे रंग टिकत नाही. ती तशीच ठेवली.

रंग सकाळी, दव उडाल्यावर आणि वारं सुटायच्या आत मारला. आपल्या दुपारच्या उन्हात स्प्रे हवेतच वाळतो आणि भुकटीसारखा खरखरीत बसतो. डबा वीतभराहून थोडा लांब, साधारण २५ ते ३० सेंटिमीटरवर धरायचा, हात थांबवायचा नाही, आणि जाड थराऐवजी पातळ थर पुन्हा पुन्हा.

तांबूस थरासाठी कांद्याची जाळीदार गोणी कापून दस्त्यावर ताणली. जाळी उचलली तेव्हा खाली मुरमाचा रवाळ पोत अगदी हुबेहूब उमटला होता. काही ठिकाणी तुराट्या तिरप्या धरून फवारलं. जिथे काडी होती तिथे पिवळट रेघ राहिली, गवतासारखी.

नक्षी मात्र फार बारीक करू नका. बारीक ठिपके हातात धरल्यावर देखणे वाटतात, चाळीस पावलांवर ते मिसळून एकच रंग होतो. डोळा पकडतो ती नळीची लांब सरळ रेघ. ती तोडायची तर मोठे पट्टे तिरपे, नळीवरून दस्त्यावर उतरणारे हवेत. दुसरी गोष्ट सावलीची. उजेड वरून पडतो, त्यामुळे पोटाकडची बाजू काळवंडते आणि वस्तू उठून दिसते. अॅबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मध्ये हेच मांडलं होतं: प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं ते याचसाठी. आपल्या माळावरचं काळवीट बघा, पोट पांढरंशुभ्र. म्हणून तपकिरी पट्टे मी वरच्या अंगाला जास्त देणार, खालची बाजू फिकटच राहील.

ही रायफल शेतातल्या मातीच्या बांधापुढे लावलेल्या पत्र्याच्या निशाणांसाठी आहे. पाखरं, ससे यांच्यावर ती कधीच उचलायची नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, आणि तो नसता तरी नाही. रंगवल्यावर ती लांबून आणखीच खरी बंदूक वाटते, तेव्हा घर ते शेत बंद पिशवीतूनच न्यायची.

आता तपकिरी झाला की दोन दिवस सावलीत वाळवून त्यावर मॅट क्लिअर लॅकर. चकाकणारा लॅकर घेऊ नका, उन्हात लांबूनच लखलखतो. स्कोपला रंग न लावता कापडी टेप गुंडाळायचा विचार आहे. कोणी उन्हाळ्यात वापरला असेल तर डिंक वितळून चिकट होतो का, ते सांगा.