कॅप्स लॉकची जागा

ऑफिसने दिलेला नवा लॅपटॉप उघडून परवा दुपारी कामाला बसले, तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पहिलीच आज्ञा कॅपिटल अक्षरांत उमटली. माझी करंगळी 'ए'च्या डावीकडची कळ कंट्रोल समजून दाबते आणि या यंत्रावर ती अजून कॅप्स लॉकच होती. गिट, डॉकर, पायथन या कामाच्या साधनांपैकी काहीही इन्स्टॉल करण्याआधी मी सेटिंग्जमध्ये जाऊन ती बदलली. टीममधल्या मुलांना याची गंमत वाटते. त्यांच्याकडे सगळे आपोआप इन्स्टॉल करणारी एक स्क्रिप्ट असते. ती चालवून मुले चहाला जातात आणि परत येईपर्यंत अर्धे यंत्र तयार झालेले असते.

हट्ट माझा असला तरी इतिहास माझ्या बाजूने आहे. १९७६ मध्ये लिअर सीग्लर कंपनीचे एडीएम-३ए हे टर्मिनल, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडायचे पडदा आणि कीबोर्डचे यंत्र, आले. त्यावर कंट्रोल 'ए'च्या शेजारीच होती आणि आज जिथे टॅब असते तिथे एस्केप होती. बाणांच्या स्वतंत्र कळा नसल्यामुळे बाण एच, जे, के, एल यांच्यावरच छापलेले होते, आणि होम व टिल्ड (~) ही दोन्ही चिन्हे एकाच कळीवर होती. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी व्हीआय हा एडिटर लिहिला तो अशाच टर्मिनलवर. मी आज बाणेरमध्ये बसून कर्सर खाली नेण्यासाठी 'जे' दाबते आणि होम फोल्डरसाठी टिल्ड लिहिते, ते मी कधीही न पाहिलेल्या त्या यंत्राच्या सोयीने.

टर्मिनल पाहिले नाही, पण टाइपरायटर मात्र पुष्कळ पाहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मिरजेला गेले की मावशी मला तिच्या टायपिंग क्लासला घेऊन जाई. लांबट खोली, भिंतीलगत गोदरेजच्या यंत्रांची रांग, आणि सगळी एकदम चालू झाली की शेजारच्याचे बोलणेही ऐकू येऊ नये असा खडखडाट. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट, एवढाच त्या खोलीचा ध्यास होता. मावशीला खिडकीजवळचेच मशीन लागे. त्यासाठी ती लवकर जाऊन त्यावर पर्स ठेवी. "परीक्षेला हे मशीन मिळणार नाही हो," असे सर म्हणत, आणि ती "परीक्षेला बघू, सर," म्हणून कागद गुंडाळायला घेई. त्या मशीनची स्पेसबार किंचित सैल होती, तीच तिला आवडत असे. पुढे ती पासही झाली, सरकारी नोकरीतही लागली. माझ्या लॅपटॉपच्या कळा दाबून पाहिल्यावर तिचे मत एवढेच पडले की यांना खोली नाही.

जुन्या यंत्रावरून सगळे जसेच्या तसे उचलून आणण्याची सोय आहे, हे मला माहीत आहे. तरीही नाव टिंबाने सुरू होणाऱ्या त्या सेटिंग्जच्या लपलेल्या फायली मी एकेक ओळ वाचूनच नव्या यंत्रावर आणते. त्या लपतात हासुद्धा अपघातच. संगणकतज्ज्ञ रॉब पाइक यांनी सांगितल्याप्रमाणे, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरुवातीच्या काळात चालू फोल्डर आणि वरचा फोल्डर यादीतून वगळायला कोणी तरी फक्त पहिले अक्षर टिंब आहे का एवढेच तपासले, आणि तेव्हापासून टिंबाआड संसार साठू लागला. माझ्या संसारात एका जुन्या क्लायंटच्या प्रॉक्सीचा, म्हणजे इंटरनेटसाठीच्या मधल्या सर्व्हरचा, पत्ता होता आणि पायथन २ चा मार्गही होता, ज्याचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. लांब आज्ञांना मीच कधी दिलेल्या काही टोपणनावांचा उलगडा मलाच झाला नाही. प्रॉक्सी गेली, पायथन २ गेला, टोपणनावे मात्र मी उतरवून घेतली. एसएसएच कळ, म्हणजे दूरच्या यंत्रांत शिरण्याची गुप्त किल्ली, तेवढी मी कधी आणत नाही. ती प्रत्येक यंत्राला नवीच करावी.

सर्वांत शेवटी मराठी. इनस्क्रिप्ट ही मराठी टाइप करण्याची कळमांडणी चालू करायची आणि एडिटरमध्ये 'वाऱ्यावरच्या दऱ्या' टाइप करून पाहायचे, कारण फॉन्टची खरी परीक्षा त्या अर्ध्या ऱ्यातच होते. १९९१ च्या भारतीय मानकातल्या या मांडणीत 'र' 'जे'च्या कळीवर आहे आणि शिफ्टसह तीच कळ 'ऱ' देते, त्यामुळे मराठीतून इंग्रजीत यायला विसरले की कर्सर खाली जाण्याऐवजी जागच्या जागीच राहतो. एडिटरमध्ये अक्षरे नीट दिसली. टर्मिनलमध्ये वेलांट्या नेहमीप्रमाणे शेजारच्या घरात गेल्या, त्याची आता सवय झाली आहे.

अडचण निराळीच आहे. पूर्वी मी जी मांडणी वापरत असे ती साध्या 'र'ला हलन्त आणि एक न दिसणारा जोडक लावून हा ऱ्या घडवी. आता तो 'ऱ'पासून घडतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. म्हणून माझ्याच टिपणांत 'दुसऱ्या' शोधले की निम्मी टिपणे हाती लागत नाहीत. एका आज्ञेत सगळी एकसारखी करता येतील. दुसऱ्यांच्या डेटाचे मी पगार घेऊन तेच करते. पण टिपणे गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल तारखेसह जपणाऱ्या साधनात, आहेत, आणि तसे केले तर बदललेल्या प्रत्येक ओळीवर ती मूळ लिहिल्याची तारीख जाऊन आजची दिसू लागेल. तेव्हा मी प्रत्येक गोष्ट दोनदा शोधते.