दोन दर्शक, दोन आकडे

मला सोडियम हायड्रॉक्साइडचं ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) असं २५० मिलिलिटर द्रावण करायचं होतं. हिशोब तोंडी होण्यासारखा: रेणुवस्तुमान ४०, म्हणजे एक मोल ४० ग्रॅमचा, लिटरला ४ ग्रॅम, पाव लिटरला १ ग्रॅम. काट्यावर वॉच ग्लास ठेवून पांढऱ्या गोळ्या टाकल्या, १.००३ आलं. वहीत लिहून मान वर केली तर १.००६. थोड्या वेळाने १.०१०. काटा बिघडला असं ठरवून दुसऱ्या काट्याकडे गेले, तिथेही आकडा वरच चढत होता. तोवर गोळ्या चकाकायला लागल्या होत्या, घाम फुटल्यासारख्या.

काटे दोन्ही ठीक होते. गोळ्या हवेतलं बाष्प ओढत होत्या. बाष्पाबरोबर कार्बन डायऑक्साइडही ओढतात, हे पुस्तकात एका ओळीत होतं आणि मी ती ओळ वाचून पुढे गेले होते. त्या ओळीने पुढे महिनाभर माझा पिच्छा पुरवला.

शाळा सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी मी केमिस्ट्रीकडे परत आले होते. थिअरीची भीती नव्हती, हाताची होती. पहिल्याच दिवशी ती खरी ठरली. गोळ्या पाण्यात विरघळल्या तसा फ्लास्क चांगलाच तापला (हायड्रॉक्साइड विरघळताना उष्णता बाहेर टाकतं), आणि मी तो तसाच गरम असताना खुणेपर्यंत पाणी भरून बूच लावलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पाणी खुणेच्या खाली. गार होऊन द्रावण आकसलं होतं. आधी कमी पाण्यात विरघळवायचं, गार होऊ द्यायचं, मग खुणेपर्यंत आणायचं, असा क्रम आहे. ‘२५० मिलिलिटर पाण्यात’ आणि ‘२५० मिलिलिटरपर्यंत’ हे एकच नाही, हे मला त्या फ्लास्कने शिकवलं. ते ओतून दिलं आणि पुन्हा केलं.

तरी १ ग्रॅमचा भरवसा नव्हताच. म्हणून मॅडमनी ऑक्झॅलिक आम्लाशी पडताळायला सांगितलं. त्याचे स्फटिक सरळ स्वभावाचे: प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू, ठरलेले, आणि काट्यावर ठेवले की आकडा जागेवर राहतो. १.५७६ ग्रॅम घेऊन २५० मिलिलिटर केलं की ०.०५ मोलर. या आम्लाच्या एका रेणूत सोडता येतील असे दोन हायड्रोजन आहेत, म्हणून त्याच्या १० मिलिलिटरला ०.१ मोलर हायड्रॉक्साइड बरोबर १० मिलिलिटर लागायला हवं.

मला लागलं १०.९. मग १०.४. मग ११.२.

ब्युरेटच्या, म्हणजे हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडायच्या तोटीवाल्या नळीच्या, खुणा ०.१ च्या असतात, डोळा नीट लावला तर ०.०५ पर्यंत वाचता येतं. माझा फरक ०.८ होता. रीडिंग घेताना पाण्याची खोलगट कड डोळ्यासमोर आहे ना, हे मी तीनदा तपासलं. सगळा दोष डोळ्यांचा असं धरून बसले होते.

लॅबमधले काका मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “ताई, शंकूपात्र कशाने विसळलंत?”

“ऑक्झॅलिकने. त्यातच घ्यायचं आहे ना.”

“आणि ब्युरेट?”

“पाण्याने.”

काका हसले नाहीत, पण हसू दाबलेलं मला दिसलं. “उलटं करा.”

उलटं का, हे समजायला मला संध्याकाळ लागली. ब्युरेटमध्ये पाण्याचे थेंब राहिले तर आतलं द्रावण पातळ होतं आणि मोजलेला प्रत्येक मिलिलिटर खोटा ठरतो. म्हणून ब्युरेट आणि पिपेट (ठरलेलं माप ओढून घ्यायची नळी) ज्या द्रावणाने भरायची त्यानेच विसळायची. शंकूपात्राचं गणित वेगळं. त्यात पिपेटने मोजून ०.५ मिलिमोल आम्ल सोडलेलं असतं. पात्र आतून पाण्याने ओलं असलं तरी ते आम्ल तेवढंच राहतं. पण पात्र आम्लाने विसळलं तर काचेला चिकटलेलं न मोजलेलं आम्लही हिशोबात घुसतं. प्रत्येक वेळी वेगळं चिकटतं, म्हणून प्रत्येक वेळी वेगळं रीडिंग.

आणखी दोन गोष्टी काकांनीच दाखवल्या. ब्युरेटच्या तोटीखाली अडकलेला बुडबुडा, जो मध्येच निसटला की न सांडलेलं द्रावण सांडल्यासारखं मोजलं जातं. आणि वर विसरलेलं नरसाळं, ज्यातून एखादा थेंब सावकाश खाली येतो.

पुन्हा बसले. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब (हा दर्शक, आम्ल संपलं की गुलाबी होतो), खाली पांढरी टाइल. नऊ मिलिलिटरपर्यंत भराभर सोडलं. मग थेंब पडेल तिथे गुलाबी ठिपका उमटायचा आणि पात्र फिरवलं की विरायचा. ठिपका विरायला वेळ लागायला लागला की हात आवरायचा. शेवटी तोटीच्या टोकाला अर्धाच थेंब लोंबू दिला, पात्राच्या काचेला टेकवला, पाण्याच्या पिचकारीने खाली घेतला. फिका गुलाबी. इतका फिका की टाइल नसती तर दिसला नसता. अर्धा मिनिट टिकला. मग हळूहळू गेला. मी घाबरून आणखी एक थेंब टाकणार होते, काकांनी हात धरला. “गेला तर जाऊ द्या. हवेने खाल्ला.”

हवेने खाल्ला, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड पात्रात विरघळून आम्ल झालं आणि सामू (pH, आम्ल वाढलं की उतरतो) ८.२ च्या खाली आला. फिनॉल्फ्थॅलिन त्याच्या खाली बिनरंगी असतं, साधारण १० ला पूर्ण गुलाबी.

१०.६, १०.६, १०.६५. माझं द्रावण ०.१ नव्हतं, ०.०९४३ मोलर होतं. ते मी लेबलवर लिहिलं. तारीख लिहिली नाही.

तीनेक आठवड्यांनी त्याच बाटलीने हायड्रोक्लोरिक आम्ल तपासायचं होतं. तीव्र आम्ल, तीव्र आम्लारी. पुस्तकात लिहिलं होतं की इथे कुठलाही दर्शक चालतो, कारण शेवटच्या दोन थेंबांत सामू चारच्या खालून एकदम दहाच्या वर उडी मारतो. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये रंग बदलतं, फिनॉल्फ्थॅलिन ८.२ च्या पुढे. उडी दोघांनाही ओलांडून जाते, म्हणून उत्तर एकच.

मिथिल ऑरेंजने १०.२ आलं. फिनॉल्फ्थॅलिनने १०.५.

आता माझा हात बसलेला होता. तीन-तीन वेळा केलं. दोन्ही आकडे आपापल्या जागी ठाम, मध्ये ०.३ ची फट. विस्कळीत रीडिंगचं मला काही वाटलं नसतं, ती आपली चूक असते. ही फट इतकी शिस्तीत होती की झोप लागेना.

मॅडमना वही दाखवली. त्यांनी आकड्यांकडे बघितलंच नाही. विचारलं, “बाटली कधी भरली होती?”

बाटली अर्धी रिकामी होती. बुचाभोवती पांढरी बुरशी आल्यासारखा थर होता, तो मी रोज पुसत होते. तो सोडियम कार्बोनेटचा होता. आतल्या द्रावणातही तेच तयार होत होतं: अर्ध्या बाटलीतली हवा, त्यातला कार्बन डायऑक्साइड, आणि त्याला गिळायला तयार बसलेलं हायड्रॉक्साइड.

मला आधी पटेना. कार्बोनेटच्या सूत्रात हायड्रॉक्साइड कुठेच नाही, मग ते आम्लारी कसं? शाळेत शिकलेली व्याख्या अऱ्हेनियसची होती, तिचं मूळ १८८४ च्या त्याच्या प्रबंधात: पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देतं ते आम्लारी. त्या व्याख्येत कार्बोनेट ओढूनताणून बसवावं लागतं. १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी वेगवेगळं काम करून जे मांडलं, त्यात ते सहज बसतं: प्रोटॉन (म्हणजे तोच हायड्रोजन आयन) देतं ते आम्ल, घेतं ते आम्लारी. आणि कार्बोनेट आयन प्रोटॉन एक नाही, दोन घेऊ शकतो. पण दोन टप्प्यांत.

माझी फट नेमकी त्या दोन टप्प्यांमधली होती. फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होतं तेव्हा पात्रातलं कार्बोनेट एकच प्रोटॉन घेऊन बायकार्बोनेट झालेलं असतं. मिथिल ऑरेंज रंग बदलतं त्या सामूला त्याने दोन्ही घेतलेले असतात. म्हणजे पहिल्या दर्शकासमोर कार्बोनेट अर्धंच काम करतं, म्हणून ब्युरेटमधून जास्त द्रावण सोडावं लागतं. मॅडमनी दिलेलं आम्ल ०.०९६५ मोलर होतं, दर वेळी १० मिलिलिटर घेतलेलं. १०.५ वरून माझी बाटली ०.०९१९ मोलर ठरत होती, १०.२ वरून ०.०९४६. या दोघांतली वजाबाकी, ०.००२७, हेच लिटरमागे कार्बोनेटचे मोल. दोन्ही दर्शक खरं बोलत होते. लेबल खोटं झालं होतं.

आता कार्बोनेट काढायचं कसं? मला वाटलं, आणखी एखादं रसायन घालायचं असेल. मॅडम म्हणाल्या, “विद्राव्यतेचा धडा आठव.”

सोडियम कार्बोनेट साध्या पाण्यात चांगलं विरघळतं, २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅमच्या वर. पण हायड्रॉक्साइडचं निम्म्याला निम्मं द्रावण केलं तर त्यात ते जवळजवळ विरघळतच नाही. सोडियम आयनांची आधीच खच्चून गर्दी, आणि पाण्याचे रेणू त्यांच्या सरबराईत गुंतलेले. कार्बोनेटला जागा उरत नाही, ते खाली बसतं.

हातमोजे, चष्मा, प्लास्टिकचं चंचुपात्र, ते थंड पाण्याच्या टबात. ५० ग्रॅम पाण्यात ५० ग्रॅम गोळ्या थोड्या थोड्या करून. एकदम घातल्या असत्या तर उकळून अंगावर आलं असतं. घट्ट, सायीसारखं गढूळ द्रावण झालं. प्लास्टिकच्या बाटलीत बूच आवळून ठेवलं. काचेचं बूच अशा द्रावणात चिकटून बसतं, शिवाय इतकं तीव्र हायड्रॉक्साइड काचही खातं. काही दिवसांनी तळाशी पांढरा गाळ बसला आणि वर तेलासारखं नितळ. ते साधारण १९ मोलर असतं. म्हणून २५० मिलिलिटरसाठी मधल्या थरातून १.३ मिलिलिटर पुरलं, गाळ न हलवता, रबरी फुगा लावलेल्या पिपेटने.

पाणी आधी उकळून, झाकून गार केलेलं. हवेत राहिलेल्या डिस्टिल्ड पाण्याचा सामू ७ नसतो, ५.६ च्या आसपास असतो. कार्बोनेट दारातून हाकलून खिडकीतून आत घेण्यात अर्थ नव्हता.

ऑक्झॅलिकशी १०.१, १०.१, १०.१. म्हणजे ०.०९९० मोलर. मग तेच हायड्रोक्लोरिक. मिथिल ऑरेंजने ९.७५. फिनॉल्फ्थॅलिन टाकताना हात थोडा थरथरला, हे मान्य करते. थेंब, अर्धा थेंब, काच विसळली. फिका गुलाबी. ९.७५.

दुसऱ्यांदा ९.८ आलं, तेही लिहिलं. लेबलवर ०.०९९० लिहून खाली तारीख घातली. ब्युरेट रिकामी करून तीनदा पाण्याने धुतली, तोटी सुटी केली आणि स्टँडला उलटी अडकवली. काका दिवे घालवत होते.