मोटरीचा सूर

पहिल्या महिन्यात मी ६१ मिनिटं संगीत करून ठेवलं होतं. चित्रपट १०४ मिनिटांचा. शेवटी पडद्यावर जे गेलं त्यात माझं संगीत १७ मिनिटं आहे. बाकीचं कसं गेलं आणि ते जाणं मला का पटलं, हे लिहून ठेवावंसं वाटतं.

मी मूळची मिरजेची. आजोबा भजना-कीर्तनाला पेटी वाजवायचे, माझा हात त्यांच्याच पेटीवर बसला. शाळेच्या वाटेवर तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं होती. कारागीर घोडीवर हलक्या हाताने कानस फिरवून जवारी, म्हणजे तारेचा भरदार झंकार, काढत बसलेले असायचे. एकच तार, पुन्हा पुन्हा छेडलेली. तो आवाज उघडत जाताना ऐकायला मी दप्तर पाठीवर घेऊन तशीच उभी राहायची. पुढे पुण्यात आले, सिंथेसायझर शिकले आणि पाच वर्षं मालिकांचं पार्श्वसंगीत केलं. संध्याकाळी सातला एपिसोड हातात यायचा, रात्री अकराला तो गेलाच पाहिजे. कुणी मान वळवली की ठोका, डोळ्यांत पाणी आलं की बासरी. ते काम मी मनापासून केलं, घर त्यावर चाललं. पण त्या कामाने हाताला एक सवय लागली. पडद्यावर शांतता दिसली की बोटं आपोआप ती भरायला धावायची.

चित्रपटाची गोष्ट वाळवा तालुक्यातली. शेतीला थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा मिळते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात एक म्हातारा शेतकरी बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जातो. लाईट येण्याची वाट बघतो, मोटर चालू करतो, सरीसरीला पाणी वळवत दारं धरतो. मध्येच लाईट जाते, की परत बांधावर बसतो. चित्रपटाचा जवळजवळ अर्धा भाग असा अंधारातला आहे. दिग्दर्शक माझ्याहून लहान, मला ताई म्हणतो. त्याचं म्हणणं होतं, "ताई, सगळी गोष्ट विजेची आहे, तर संगीतही विजेवरचंच हवं. तबला-बासरी नको." मला ते ऐकताक्षणी पटलं.

संकलकाने कच्च्या कटला दुसऱ्या एका परदेशी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावून ठेवलं होतं. ही पद्धत सगळीकडेच आहे. त्रास असा, की महिनाभर ते ऐकून ऐकून दिग्दर्शकाच्या आणि माझ्याही कानाला त्याचीच सवय झाली, आणि मी नकळत त्याच्यासारखंच करत गेले. माझ्याकडे कॉर्ग कंपनीचा मिनीलॉग हा सिंथेसायझर आहे, त्यातून एका वेळी चारच स्वर निघतात. तेवढ्यावर भागेना म्हणून लॅपटॉपमधले थर चढवले. खाली खर्जाचा जाड सूर, वर स्ट्रिंग्ज, त्यावर घंटेसारखे ठिपके, सगळ्याला मोठा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. ३४ तुकडे झाले. दिग्दर्शक म्हणाला, "छान आहे." त्याच्या आवाजातच कळलं की तसं नाहीये.

सगळ्यात अडला तो विहिरीवरचा प्रसंग. मोटर सुरू होते आणि म्हातारा पहिल्यांदा निवांत खाली बसतो. तिथे मी पांढरी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा, खर्ज धरला होता. का तोच स्वर, ते मला सांगता आलं नसतं, हात तिथे गेला एवढंच. पण तो लागत नव्हता. एकटा ऐकला तर सुरेल, चित्राखाली ठेवला की पोटात काहीतरी ढवळल्यासारखं. मी त्यावर आणखी थर टाकत गेले आणि ढवळणं वाढत गेलं.

आमचे साउंड डिझायनर वयाने मोठे, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांनी माझे सगळे ट्रॅक म्यूट केले आणि चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष विहिरीवर टिपलेला आवाज तेवढा लावला. पाच एचपीची मोनोब्लॉक मोटर, दूर रातकिडे, पाटात पडणारं पाणी. मग म्हणाले, "आता पेटीवर हिचा सूर काढ बघू."

पेटी नव्हती, मिनीलॉगवरच शोधला. पांढरी पाचच्या जरा वर होता, पण तिच्या लगतच्या काळी चारपर्यंत पोचत नव्हता. तेव्हा मला उलगडलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. मोटर, ट्रान्सफॉर्मर, ट्यूबचा जुना चोक, यांची गुणगुण त्याच्या दुपटीने, म्हणजे १०० हर्ट्झवर होते. पांढरी पाच त्या सप्तकात ९८ हर्ट्झची. म्हणजे माझा खर्ज आणि मोटर यांच्यात त्या फरकाइतके, दर सेकंदाला दोन, ठोके पडत होते. माझ्या कानाने मोटरचा सूर बरोबर ऐकला होता, हाताने मात्र पेटीची पट्टी धरली. महिनाभर मी त्या म्हाताऱ्याच्या मोटरीला बेसूर साथ करत होते.

मी सिंथ ३५ सेंटने वर चढवला (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). बाकीचे सगळे थर काढून एकच स्वर ठेवला आणि आवाजातलं वरचं तेज कापणारा फिल्टर इतका बंद केला की नुसता बुंधा उरावा. तो सूर मोटरीत विरघळला. तरी अगदी पूर्ण नाही, कारण ग्रिडची फ्रिक्वेन्सी सतत किंचित खालीवर होत असते. माझा स्वर स्थिर, मोटर जरा इकडे-तिकडे. त्यातून पाच-सहा सेकंदांची एक संथ लाट उठायला लागली. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जवळजवळ मिळालेल्या असतात तेव्हा उठते तशी. मला मिरजेचं ते दुकान आठवलं आणि डोळे भरून आले. लॅपटॉपवर ती लाट एका क्लिकमध्ये सपाट करता आली असती. मी तिला हात लावला नाही.

हा शोध काही माझा नव्हे. 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) या चित्रपटात पेट्रोल पंपावर नाणं उडवण्याचा जो प्रसंग आहे, त्यात संगीतकार कार्टर बर्वेलने आपला अगदी दबका सूर फ्रिजच्या गुणगुणीला, म्हणजे तिकडच्या विजेच्या ६० हर्ट्झला, मिळवून ठेवला आहे. अख्ख्या चित्रपटात त्याचं संगीत साधारण १६ मिनिटांचं, त्यातलीही काही मिनिटं शेवटच्या श्रेयनामावलीवर. हिचकॉकने 'द बर्ड्स'मध्ये (१९६३) नेहमीचं पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. पक्ष्यांचे आवाज ऑस्कर साला या जर्मन वादकाने ट्राउटोनियम नावाच्या विजेवरच्या वाद्यातून काढले. आणि आपल्याकडे अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडरने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला होता. तिथे १९७२ पर्यंत झालेली काही ध्वनिमुद्रणं अलीकडे प्रसिद्ध झाली आहेत. ती मी त्या दिवसांत रात्री हेडफोन लावून ऐकायची. एखादा आवाज बदलेपर्यंत थांबायची त्या माणसांची तयारी होती. मला मालिकांच्या घाईत ती कधी जमली नव्हती.

त्यानंतर मी ३४ तुकड्यांच्या यादीवर परत बसले. आधी संकलकाकडून ते तात्पुरतं संगीत काढून टाकलेला कट मागवला. प्रत्येक प्रसंग डोळे मिटून ऐकायचा, आणि तिथे आधीच काय वाजतंय ते वहीत लिहायचं. वारा कुठल्या उंचीचा, कुत्रं किती लांब, माणसं बोलताना कुठे थांबतात. आजोबा म्हणायचे, गायक श्वास घेतो तो बैठकीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे, पेटीने तो झाकायचा नाही. संगत म्हणजे काय ते मला तेव्हा पाठ होतं. कळलं या वहीवर.

एक तुकडा काढताना मात्र फार जड गेलं. पहाटे म्हातारी भाकरी घेऊन शेतात येते. रात्रभर पाण्यात उभं राहून त्याचे पाय पांढरे पडलेत, ती काही न बोलता पदराने ते पुसते. तिथे मी अडीच मिनिटांची धून केली होती. आजवर मी केलेलं सगळ्यात चांगलं काही असेल तर ते, असं मला अजूनही वाटतं. निर्मात्यांनाही तेवढीच धून आवडली होती आणि ट्रेलरला तीच हवी होती. मी ती आठ दिवस ठेवली. मग एकदा आवाज बंद करून तो प्रसंग बघितला, एकदा नुसत्या मूळ आवाजावर. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज येतो. बांगड्या दोनदा वाजतात, दुसऱ्यांदा जरा जोरात, कारण ती टाच पुसताना दाबून पुसते. माझ्या धुनेखाली ती दुसरी वेळ ऐकूच येत नव्हती. त्या बाईंनी अभिनय करताना जे केलं होतं, ते मी झाकत होते.

धून काढली. निर्माते नाराज झाले. पैसे संगीताचे दिले आणि संगीत कुठे आहे, असं त्यांनी स्पष्ट विचारलं. त्यांचं विचारणं गैर नव्हतं. मी त्यांना स्टुडिओत बोलावून दोन्ही आवृत्त्या लागोपाठ दाखवल्या. ते काही बोलले नाहीत, फक्त बांगड्यांचा भाग परत लावायला सांगितला. ट्रेलरला धून गेली, चित्रपटात नाही.

शेवटचा वाद मिक्सच्या टेबलवर झाला. विहिरीवरच्या प्रसंगाच्या शेवटी लाईट जाते. मोटरची घरघर उतरत उतरत थांबते. प्रश्न असा, की माझा सूर कधी थांबवायचा. मोटरबरोबरच तोडला तर तो होता हे कुणाला जाणवतही नाही आणि अंधार नुसताच रिकामा वाटतो. दिग्दर्शकाला तो दहा सेकंद हवा होता. दादा म्हणत होते, दोन. मी फिल्टरच्या खुंटीवर बोट ठेवून सात-आठ वेळा हाताने करून बघितलं. मोटर थांबल्यावर म्हातारा मान वर करतो, खांबावरच्या तारांकडे बघतो, आणि मग लांब कुठेतरी कुत्रं भुंकतं. सूर त्या मान वर करण्यापर्यंत हवा होता आणि कुत्र्याच्या आधी संपायला हवा होता. साडेतीन सेकंद झाले.

दादांनी ते लॉक केलं आणि क्यू शीटवर, म्हणजे संगीत कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं त्या यादीवर, वेळ लिहायला सांगितली. मी लिहिली. मग दिवे मालवून आम्ही तिघांनी तो भाग पुन्हा एकदा ऐकला. सूर गेल्यावर कुत्रं भुंकलं, आणि त्यामागे, इतके दिवस मला न ऐकू आलेलं, पाटात उरलेलं पाणी ओसरत होतं.